मागच्या हबचा बदललेला आवाज : कारण शोधणे, हब उघडणे आणि पावसाळ्यानंतरची देखभाल

मुळाकाठ

नमस्कार. माझ्या सायकलच्या मागच्या हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, गेल्या दीड महिन्यापासून जे आवाज येत आहेत, त्यांविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. सायकल हायब्रिड प्रकारची आणि पाच वर्षांची असून आतापर्यंत साधारण ११,००० किमी चालली आहे. मागे आठ गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) आहे, चाक क्विक रिलीजचे, म्हणजे हाताच्या दांडीने आवळायचे आहे आणि हबमध्ये सुटे छर्रे व ते जागेवर धरणारे कोन (एक्सलवर फिरवून बसवायचे शंकूच्या आकाराचे तुकडे) आहेत, सीलबंद बेअरिंग नाहीत. यंदाच्या पावसाळ्यात पुणे-मुळशी-ताम्हिणी या रस्त्यावर दर रविवारी जाणे झाले आणि त्यातल्या निम्म्या फेऱ्या तरी भर पावसात झाल्या.

पूर्वी पायडल मारणे थांबवले की मागून एकसारखी, हलकी टिकटिक येत असे. आता ती टिकटिक तुटक झाली आहे. चार-पाच टोले नीट ऐकू येतात, मग क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा एकदम जोरात सुरू होते. त्याखेरीज एक खरखरीत घरघर आहे, जी पायडल मारतानाही चालू राहते आणि कानांपेक्षा सीटमधून अधिक जाणवते. जवळच्या दुकानात सायकल दाखवली, तेव्हा असा आवाज सगळ्याच सायकलींना येतो असे सांगून कॅसेटच्या मागे पातळ तेलाचा फवारा मारून दिला गेला. चार दिवस शांतता होती, पाचव्या दिवशी आवाज आधीपेक्षा वाढून परत आला. दुसऱ्या एका ठिकाणी हबमध्ये ग्रीस ठासून भरावे असे सुचवले आहे.

गेल्या रविवारी मात्र चढावर उभा राहून पायडल मारत असताना पाय एकदम पोकळीत गेल्यासारखा खाली गेला आणि पुढच्याच क्षणी चेन पुन्हा पकडली. मी पडलो नाही, पण मागून एसटी येत होती, त्यामुळे मनात भीती बसली आहे. हे दोन्ही आवाज एकाच बिघाडाचे आहेत का, ग्रीस भरून ते थांबतील का, आणि हे काम घरी करायचे झाल्यास कोणती हत्यारे लागतील, हे कृपया सांगावे.

आरे आणि धाव

मुळाकाठ, सर्वात आधी एक विनंती. मागचे चाक दुरुस्त होईपर्यंत उभे राहून पायडल मारू नका, आणि शक्य असेल तर ही सायकल रहदारीत नेऊच नका. पाय पोकळीत गेला याचा अर्थ कॅसेटच्या आतल्या फ्रीहबमधल्या कुत्र्यांनी, म्हणजे दात्यांत अडकणाऱ्या लहान पोलादी खिट्ट्यांनी, त्या क्षणी दाते पकडले नाहीत. हा आवाजाचा प्रश्न राहिलेला नाही, पडण्याचा प्रश्न झाला आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही वर्णन केलेले आवाज दोन वेगळ्या जागांचे आहेत. मागच्या हबमध्ये फिरणाऱ्या गोष्टी दोन असतात. पहिली म्हणजे एक्सलभोवती फिरणारे अख्खे चाक, ज्याचे वजन दोन्ही बाजूंच्या वाट्या, कोन आणि छर्रे पेलतात. दुसरी म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो फ्रीहब. पायडल मारत असताना फ्रीहब आणि चाक एकजीव होऊन फिरतात, त्यामुळे फ्रीहबच्या आतले भाग एकमेकांवर घासतच नाहीत. पायडल थांबले की फ्रीहब थांबतो, चाक पुढे फिरत राहते, आणि आतले कुत्रे दात्यांवरून घसरत टिकटिक करू लागतात. यावरून कारण शोधण्याची एक सरळ रीत मिळते. आवाज फक्त पायडल थांबवल्यावर येत असेल तर दोष फ्रीहबमध्ये शोधावा. पायडल मारताना आणि थांबवल्यावर, दोन्ही वेळा येत असेल तर हबच्या मुख्य बेअरिंगमध्ये शोधावा. आणि फक्त पायडल मारतानाच येत असेल तर बहुतेक वेळा हब निर्दोष असतो व चेन, पायडल, बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात ते बेअरिंग) किंवा सैल झालेली कॅसेट यांपैकी कोणीतरी बोलत असते.

तुमची घरघर दोन्ही वेळा येते, म्हणजे ती मुख्य बेअरिंगची. तुटक टिकटिक फ्रीहबची. पाणी दोन्हीकडे शिरले आहे, एवढाच त्यांचा संबंध.

खात्री करण्यासाठी सायकल उलटी न करता मागचे चाक उचलून धरा, हाताने जोरात फिरवा, आणि सीटकडून मागच्या एक्सलकडे उतरणाऱ्या नळीवर दुसऱ्या हाताची बोटे ठेवा. चांगल्या हबमध्ये बोटांना जवळपास काहीच कळत नाही. छर्ऱ्यांचा मार्ग खडबडीत झाला असेल तर वाळूवरून चाक चालल्यासारखी थरथर येते. मग रिम दोन्ही बाजूंना हलवून पाहा. ती ब्रेकच्या पॅडांमध्ये टकटक हलत असेल तर कोन सैल आहेत किंवा झिजले आहेत.

पातळ तेलाने चार दिवस बरे का वाटले, हेही समजून घेण्यासारखे आहे. फवाऱ्याच्या तेलाने अडकलेले कुत्रे तात्पुरते मोकळे झाले, पण त्याच तेलाने आत उरलेले ग्रीस धुऊन नेले आणि बाहेरचा चिखल सीलच्या आत ओढला. आपल्याकडे दुकानांत ओव्हरहॉलिंगला सर्रास ओव्हरऑइलिंग म्हणतात. शब्दाने तसे रूप घेतले म्हणून हरकत नाही, पण त्यामुळे तेल सोडले म्हणजे काम झाले असा समज पसरला आहे, आणि त्या समजाने चांगले हब वाया गेलेले मी पाहिले आहेत.

ताम्हिणी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की हब उघडण्याआधी हब नसलेल्या कारणांची शक्यता नीट काढून टाकावी, कारण सायकलची चौकट पोकळ नळ्यांची असते आणि एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो.

मला स्वतःला ३०० किमीच्या एका ब्रेव्हेमध्ये (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत) याचा अनुभव आला. चढावर दर वेळी मागून करकर येत होती. २० तासांची मर्यादा असलेल्या त्या फेरीत मी जवळपास निम्मा वेळ मागच्या हबची काळजी करत काढला. घरी येऊन हब उघडला तर आत सगळे स्वच्छ होते. शेवटी कारण निघाले ते लॉकरिंगचे, म्हणजे कॅसेट जागेवर धरणाऱ्या कडीचे. ते सैल होते, त्यामुळे कॅसेटच्या चकत्या फ्रीहबच्या खाचांवर किंचित सरकत होत्या. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरपर्यंत आवळायचे असते आणि हातात टॉर्कचा पाना नसेल तर एवढा जोर आपण सहसा लावतच नाही. खाचांवर ग्रीसचा पातळ हात फिरवून ते नीट आवळल्यावर करकर थांबली.

अशीच फसवी करकर आरे एकमेकांना जिथे ओलांडतात तिथून येते, विशेषतः पावसाळ्यानंतर, कारण तिथे गंज आणि बारीक माती साचते. त्या प्रत्येक ठिकाणी तेलाचा एक थेंब सोडून पाहावा. आवाज गेला तर आऱ्यांचा ताण तपासून घ्यावा, कारण सैल आरेच जास्त बोलतात. क्विक रिलीजची दांडी मळली असेल किंवा नीट आवळलेली नसेल तर तीही चढावर कुरकुरते. दांडी बंद करताना अर्ध्या वाटेवर प्रतिकार जाणवला पाहिजे आणि पूर्ण बंद केल्यावर तळहातावर तिचा वळ उमटला पाहिजे.

आवाज कोणाच्या लयीत येतो हेही मोजून पाहावे. पुढे ४२ आणि मागे १४ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे होतात. ठोका पायडलच्या फेऱ्यागणिक एकदा पडत असेल तर तो चाकाचा असण्याची शक्यता फारच कमी.

आणखी एक खूण आहे, तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. पायडल थांबवल्यावर चेनचा वरचा पदर खाली झोळ घेऊन लोंबत असेल, तर फ्रीहब मोकळा फिरत नाही आणि कॅसेटला आपल्याबरोबर पुढे ओढतो आहे असे समजावे.

निळी सायकल

ग्रीस भरण्याबद्दल माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. मी पहाटे पाच वाजता सोसायटीतून निघते. माझ्या सायकलचा हब इतका मोठ्याने वाजत असे की आतल्या रस्त्याने जाताना कुत्री उठत आणि शेजारच्या आजोबांनी दोनदा तक्रार केली. मी फ्रीहब उघडून त्यात भरपूर जाड ग्रीस भरले. आवाज जवळपास बंद झाला आणि गेल्या सात महिन्यांत कोणताही त्रास झालेला नाही. मग ग्रीस भरण्यात नेमके वाईट काय, हे कळले तर बरे होईल. माझ्या सायकलचे काही नुकसान होत असेल तर मला ते जाणून घ्यायचे आहे.

आरे आणि धाव

निळी सायकल, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर सविस्तर द्यायला हवे.

फ्रीहबमधला कुत्रा म्हणजे नखाएवढा लहान पोलादी तुकडा असतो. बहुतेक हबमध्ये असे दोन, तीन किंवा चार असतात. प्रत्येकाच्या पाठीशी एक बारीक स्प्रिंग असते, किंवा सगळ्यांना मिळून एकच वेटोळे घातलेली तार असते. त्या स्प्रिंगचा जोर इतका कमी असतो की करंगळीच्या टोकाने कुत्रा सहज दाबला जातो. जोर मुद्दामच कमी ठेवलेला असतो, कारण तो वाढवला तर घर्षण वाढेल आणि दाते लवकर झिजतील. कुत्रा दात्याच्या पाठीवर चढतो आणि पुढच्या खाचेत टपकन पडतो. त्या पडण्याचा आवाज म्हणजे टिकटिक.

आता हिशेब पाहा. तुमचे चाक एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर जाते असे धरले, तर ताशी ३० किमी वेगाला ते सेकंदाला जवळपास ३.९ फेरे घेते. दाते १८ असतील तर सेकंदाला ७० टोले पडतात, ३६ असतील तर १४०. म्हणजे एका टोल्यापासून पुढच्या टोल्यापर्यंत, खाचेत पडून पुन्हा वर यायला, कुत्र्याला सेकंदाचा १४० वा भाग मिळतो. जाड ग्रीसमध्ये तेवढ्या वेळात ती नाजूक स्प्रिंग त्याला खाचेत पूर्ण ढकलू शकत नाही. तो खाचेत अर्धवटच बसतो, म्हणून पडण्याचा आवाज कमी होतो. आवाज कमी झाला तो कुत्रा नीट बसत नसल्यामुळे, हे लक्षात घ्या.

बहुतेक वेळा पायडल मारायला सुरुवात केल्यावर तो उशिरा का होईना बसतो आणि आपल्याला काही कळत नाही. धोका निराळ्या वेळी असतो. हिवाळ्यातल्या पहाटे गारठ्याने ग्रीस आणखी घट्ट होते. अशा वेळी तीनपैकी एकच कुत्रा दात्याच्या टोकावर अर्धवट टेकला आणि तुम्ही उभे राहून जोर दिला, तर तो निसटतो. निसटताना दात्याची धार मोडतो, आणि धार मोडलेला दाता पुढच्या वेळी आणखी सहज सोडून देतो. सात महिन्यांत त्रास झाला नाही याचा आनंद आहे, परंतु थंडी पडण्यापूर्वी ते ग्रीस काढून टाकावे असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. त्याऐवजी फ्रीहबसाठी मिळणारे पातळ ग्रीस किंवा दाटसर तेल वापरा. ते बेताचे लावले तरी आवाज बऱ्यापैकी मवाळ होतो. पूर्ण शांतता मात्र मिळणार नाही, आणि कुत्र्यांच्या हबमध्ये ती मागूही नये.

मुख्य बेअरिंगची गोष्ट वेगळी आहे. तिथे मोटारीच्या बेअरिंगचे चांगले लिथियम ग्रीस भरपूर भरावे. जास्तीचे बाहेर येईल, ते पुसावे. एकाच हबमध्ये दोन जागा आहेत आणि दोन्हींना वेगवेगळे वंगण लागते. हब बिघडवणाऱ्या चुकांमध्ये या दोन जागांची गल्लत सर्वात जास्त आढळते.

उत्रेख्तकर

आवाजाच्या पातळीविषयी थोडे लिहितो. मी अनेक वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो. इथली रोजच्या वापराची सायकल बहुधा अंतर्गत गिअरच्या हबची किंवा उलटे पायडल मारून ब्रेक लावण्याची असते, चेन पूर्ण झाकलेली असते, आणि ती इतकी शांत चालते की मागून येणारा कळत नाही. इथे प्रत्येक सायकलला घंटी असणे कायद्याने आवश्यक आहे. शनिवार-रविवारी रेसर सायकलींचे गट निघतात तेव्हा मात्र हबचा आवाज दुरूनच ऐकू येतो, आणि अनेक जण घंटी वाजवण्याऐवजी पायडल थांबवतात व पुढचा आपोआप बाजूला होतो.

मोठ्या आवाजाचा हब म्हणजे दर्जेदार हब, असा एक समज इथेही आहे आणि भारतातून येणाऱ्या मित्रांमध्येही दिसतो. तो बरोबर नाही. आवाज ठरतो तो दात्यांच्या संख्येवर, सगळे कुत्रे एकाच वेळी पडतात की आळीपाळीने यावर, स्प्रिंगच्या जोरावर, आतल्या वंगणावर आणि हबच्या पोकळीवर. कार्बनची उंच रिम असेल तर तबल्याच्या पुडीसारखी ती आवाज वाढवते. इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात बनणारे होपचे हब मोठ्या आवाजासाठी ओळखले जातात. अमेरिकेतल्या ख्रिस किंगच्या हबमध्ये कुत्रे नसतात, तर ७२ दात्यांच्या दोन कड्या एकमेकींत बसतात, आणि त्याची लोकप्रसिद्ध गुणगुण माश्यांच्या पोळ्यासारखी असते. स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसच्या अनेक हबांतही समोरासमोरच्या दोन दातेरी कड्याच असतात. त्या १८, ३६ किंवा ५४ दात्यांच्या मिळतात, आणि कंपनी त्यासाठी स्वतःचे ठरावीक ग्रीस वापरायला सांगते. याउलट ऑनिक्स नावाच्या अमेरिकी हबमध्ये दातेच नसतात. आत तिरपे उभे असलेले पोलादी तुकडे पायडल मारताच अडकून घट्ट पकडतात, त्यामुळे तो हब पूर्ण मुका आहे आणि तरीही उत्तम दर्जाचा आहे.

दाते जास्त असण्याचा फायदा वेगळा. १८ दात्यांच्या हबमध्ये पायडल मारल्यावर पकड येईपर्यंत चाकाच्या मानाने जास्तीत जास्त २० अंश मोकळे जाऊ शकतात, ३६ मध्ये १०, ७२ मध्ये ५. डोंगरातल्या पायवाटेवर दगड चुकवत चढणाऱ्याला हा फरक मोलाचा वाटतो. सडकेवर शंभर किमी जाणाऱ्याला तो क्वचितच जाणवतो.

निळी सायकल यांना पहाटे शांतता हवी आहे, ही गरज मला अगदी योग्य वाटते. त्यांनी सोसायटीच्या फाटकापर्यंत पायडल मारणे न थांबवता हळू जावे. पायडलने चाक ओढले जात असताना त्यांच्यासारखा कुत्र्यांचा फ्रीहब टिकटिक करत नाही.

मांडवी

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे हबचा शत्रू पाऊस एकटा नाही. खारी हवा आणि लाल माती या दोघांनी मिळून मागच्या हबची जी अवस्था होते, ती घाटावरच्या लोकांना सहज कळणार नाही. लाल माती पिठासारखी बारीक असते. ती सीलच्या कडेने आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि त्याचा घासलेप बनवते. खाऱ्या हवेने छर्ऱ्यांवर बारीक ठिपके पडतात, आणि एकदा ठिपका पडला की तोच छर्रा कोनाचा पृष्ठभाग खरवडायला लागतो.

त्याहून जास्त नुकसान मात्र आपण स्वतः करतो. स्कूटर धुण्याच्या ठिकाणी सायकल नेऊन दाबाच्या पाण्याचा झोत थेट हबवर मारण्याची पद्धत सगळीकडे आहे. सायकलच्या हबचे सील धूळ आणि शिंतोडे अडवण्यासाठी असते, झोत अडवण्यासाठी नसते. बादली, जुना टूथब्रश आणि कापड पुरेसे आहे.

जुन्या उभ्या सायकलींचा विषय इथे निघाला नाही म्हणून तोही मांडतो, कारण आमच्या वाडीत अजून त्याच जास्त आहेत. त्यांच्या मागच्या चाकाला ४० आरे असतात, आणि फ्रीव्हील (कुत्रे आतच असलेली दातेरी चकती) हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेले असते. त्या रचनेत उजव्या बाजूचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहते, त्यामुळे एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर उरतो आणि ओझे वाहणाऱ्या सायकलचा एक्सल वाकतो किंवा मोडतो. १९७८ मध्ये शिमानोने ड्युरा-एस मालिकेत फ्रीहब आणला, त्यात बेअरिंग अगदी बाहेरच्या टोकाला सरकले आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. जुन्या हबला मधोमध तेलाचे भोक आणि त्यावर फिरणारी पत्र्याची पट्टी असे. माझे वडील दर महिन्याला तिथून दोन थेंब सोडत, आणि त्या सायकलचा मूळ हब अजून शाबूत आहे.

जुने फ्रीव्हील उघडायचे झाल्यास झाकणाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात, हे ध्यानात ठेवा. खाली थाळी ठेवल्याशिवाय उघडू नका. आत एक अष्टमांश इंचाचे बारीक छर्रे दोन थरांत असतात आणि ते सगळे एकदम सांडतात. एक हरवला तरी चालते, दहा हरवले तर चालत नाही.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल पूर्ण दिवस काढून हब उघडला, त्याचा वृत्तांत देतो.

कॅसेट काढल्यावर डाव्या बाजूचे नट १७ च्या पान्याने आणि कोन १५ च्या चपट्या पान्याने सोडवला. उजवी बाजू तशीच घट्ट ठेवली, म्हणजे एक्सल किती बाहेर असायला हवा ते माप बिघडले नाही. एक्सल उजवीकडे ओढून काढला. छर्रे पाव इंचाचे, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, एकूण १८ निघाले. डाव्या बाजूचे ग्रीस मळके असले तरी अजून ग्रीसच होते. उजव्या बाजूचे मात्र दुधाच्या चहासारखे झाले होते, कारण पाणी त्यात पूर्ण मुरले होते. रॉकेल मिळाले नाही म्हणून डिझेलने सगळे धुतले आणि दिवसाच्या उजेडात पाहिले.

उजव्या कोनावर छर्रे जिथून फिरतात त्या चकचकीत पट्ट्यावर तीळ टोचून काढल्यासारखे चार खड्डे होते. बॉलपेनचे टोक त्या पट्ट्यावरून हळू फिरवले तर प्रत्येक खड्ड्यात ते अडकत होते. हबच्या वाट्यांवर तेच पेन फिरवले तेव्हा कुठेही अडकले नाही, आणि त्या क्षणी मला फार हायसे वाटले, कारण कोन बदलता येतो पण वाटी गेली तर माझ्या हबमध्ये तरी अख्खा हबच बदलावा लागला असता.

फ्रीहब आतून १० च्या ॲलन की ने सुटला. मागच्या सीलच्या फटीतून त्यात डिझेल सोडून फिरवत राहिलो. आधी काळे, मग गंजाच्या रंगाचे पाणी बराच वेळ येत राहिले. धुऊन झाल्यावरही टिकटिक तुटकच होती आणि हाताने उलटसुलट फिरवताना एकदा तो मोकळाच सुटला. चढावर माझा पाय नेमका कशामुळे गेला, ते हातात धरून पाहायला मिळाले. तो फ्रीहब आता टाकून देत आहे. जुना कोन आणि फ्रीहब नमुना म्हणून बाजारात घेऊन गेलो, आणि तिसऱ्या दुकानात जोड मिळाली.

आता अडचण एकच आहे. नवे छर्रे, नवे ग्रीस घालून बसवल्यावर कोन किती आवळायचा, हे जमत नाही. हातात चाक धरून अगदी बरोबर वाटते, पण सायकलला लावून क्विक रिलीज बंद केले की चाक जड फिरते.

आरे आणि धाव

फार काळजीपूर्वक काम केले आहे. छर्रे नवे घातलेत हे चांगले केले. वाटीत नऊ छर्रे बसल्यावर थोडी फट उरते आणि दहावा बसेल असे वाटते, पण तो घालायचा नसतो. ती फट छर्ऱ्यांना फिरायला लागते.

चाक जड होते त्याचे कारण असे. क्विक रिलीजचा एक्सल पोकळ असतो, आणि दांडी आवळली की तो लांबीने अगदी किंचित दबतो. तेवढ्याने दोन्ही कोन आत सरकतात. म्हणून चाक हातात असताना एक्सलला अगदी सूक्ष्म ढिलाई ठेवावी लागते, जी दांडी बंद केल्यावर नाहीशी होईल. तपासण्याची पद्धत सांगतो. चाक सायकलला लावा, दांडी अर्धवट आवळून ठेवा आणि रिम बाजूला हलवा. किंचित खुळखुळ जाणवली पाहिजे. मग दांडी पूर्ण बंद करून पुन्हा हलवा, ती खुळखुळ गेलेली असली पाहिजे. दोन्ही वेळा राहिली तर कोन पाव फेऱ्याच्याही निम्म्याने आवळा. दोन्ही वेळा नसेल तर तेवढाच सैल करा. नट आवळताना कोन आपोआप थोडा फिरतो, म्हणून १५ च्या पान्याने कोन धरून ठेवूनच १७ चा फिरवा. पहिल्या प्रयत्नात कोणालाच जमत नाही. मला आजही तीन-चार वेळा करावे लागते.

ताम्हिणी

माझ्या हबला सीलबंद बेअरिंग आहेत. त्यांच्याबाबत काय करावे हेही कोणीतरी लिहावे, कारण आता अनेक नव्या सायकलींना तीच असतात.

आरे आणि धाव

त्यांना कोन जुळवण्याची कटकट नाही. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक छापलेला असतो. सायकलच्या हबमध्ये ६००१, ६९०२, ६८०२ किंवा ६८०३ असे क्रमांक वारंवार दिसतात. तो क्रमांक घेऊन साध्या बेअरिंगच्या दुकानात गेले तर बहुतेक वेळा तिथेच मिळते. मागे २आरएस लिहिलेले घ्यावे, म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचे सील असते. घरघर नुकतीच सुरू झाली असेल तर पातळ पात्याने सील अलगद उचलून, धुऊन, नवे ग्रीस भरून वर्षभर तरी काढता येते. नवे बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्या. आतल्या कडीवर ठोकले तर छर्ऱ्यांचे ठसे उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरते. जुने बेअरिंग वर ठेवून दाबणे हा सोपा उपाय आहे.

निळी सायकल

मी आज फ्रीहबमधले सगळे ग्रीस काढले. तीनपैकी एक कुत्रा खरोखरच खाली चिकटून बसला होता आणि बोटाने सोडवल्यावरच वर आला. पातळ ग्रीस लावले आहे. आवाज परत आला, पण पूर्वीइतका नाही. उत्रेख्तकर यांनी सांगितल्याप्रमाणे फाटकापर्यंत पायडल न थांबवता जात आहे आणि आजोबांनाही तसे सांगून ठेवले आहे.

मांडवी

देखभाल कधी करावी हे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे धागा शोधणाऱ्याला सापडेल. सुट्या छर्ऱ्यांचा हब कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा संपताच, नवरात्राच्या आसपास, एकदा उघडावाच, मग आवाज असो वा नसो. पाण्यात एक्सल बुडेल असा ओढा ओलांडला असेल तर त्याच आठवड्यात उघडावा. कोरड्या हंगामात वर्षभर हात लावण्याची गरज सहसा पडत नाही.

आरे आणि धाव

आणि नवा कोन बसवल्यावर पहिल्या १०० किमीनंतर ढिलाई पुन्हा तपासावी. मुळाकाठ, तुम्ही तपासली का?

मुळाकाठ

आज सकाळी १२० किमी पूर्ण झाल्यावर तपासली. दांडी बंद असताना रिम अगदी थोडी हलत होती, म्हणून डावा कोन किंचित आवळला. नळीवर बोटे ठेवून चाक फिरवले तर काहीही जाणवत नाही. टिकटिक एकसारखी आहे. उद्या मुळशीच्या चढावर प्रथमच उभा राहून पायडल मारून पाहणार आहे, तेही आधी रिकाम्या रस्त्यावर.